रशियन शिकणाऱ्यांसाठी: संधी कुठे आहेत आणि कितव्या पायरीवर भेटतात

रशियन घेतलेल्या विद्यार्थ्याला घरी आणि कॉलेजच्या कट्ट्यावर एकच प्रश्न विचारला जातो: पुढे काय? प्रश्न रास्त आहे. त्यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. सोव्हिएत संघ १९९१मध्ये संपला, तसे रशियनचे दिवसही संपले, हे एक. भारत-रशिया मैत्री जुनी, तेव्हा नोकऱ्यांना तोटा नाही, हे दुसरं. या दोन्ही उत्तरांवर विसंबून मुलांची वर्षं वाया जातात. संधी आहेत, आणि मुंबई, नाशिक, गोव्यापासून फार लांबही नाहीत. पण त्या भाषेच्या एका ठराविक पातळीनंतरच सुरू होतात, आणि तिथे पोचल्यावरही भाषेच्या जोडीला दुसरं काहीतरी पक्कं येत असेल तरच हाताला लागतात. ही पातळी कोणती आणि जोडीला काय घ्यावं, ते इथे सविस्तर सांगतो.

पातळ्यांचा हिशेब

परदेशी लोकांसाठी रशियनची एक अधिकृत परीक्षा आहे. आपल्याकडे तिला टॉर्फल म्हणतात, रशियात टीआरकेआय. तिच्या सहा पातळ्या आहेत आणि त्या ए-१ ते सी-२ या युरोपीय चौकटीशी जुळतात. परीक्षेचे पाच भाग असतात: शब्दसंपदा व व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. एका भागात भरपूर गुण मिळवून दुसऱ्याची भरपाई करता येत नाही. प्रत्येक भागात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. मुखोद्गत व्याकरणावर वर्गात पहिली येणारी मुलं श्रवणाच्या भागात अडकतात ती म्हणूनच.

आता आकडे पाहा, कारण सगळी गोम त्यांत आहे. ए-१ला सुमारे ७८० शब्द अपेक्षित असतात. ए-२ला १,३००. बी-१ला २,३००. इथपर्यंतची चढण हळूहळू आहे. पण बी-२ला ही संख्या एकदम १०,०००वर जाते, आणि त्यातले सुमारे ६,००० शब्द स्वतःला बोलता-लिहिताना वापरता आले पाहिजेत. त्यापुढे सी-१ला १२,००० आणि सी-२ला २०,००० शब्द धरलेले आहेत.

बी-१ आणि बी-२ यांच्यामधली ही उडी चौपटीहून मोठी आहे. रशियन शिकणाऱ्या बहुतेकांचा प्रवास नेमका इथे थांबतो. बी-१ हाती असलं की रशियन विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला बसता येतं, त्यामुळे ही पातळी म्हणजे मुक्काम असा समज होतो. प्रत्यक्षात बी-१वाला विद्यार्थी दुकानात, हॉस्टेलवर, स्टेशनवर अडत नाही, सावकाश दिलेलं व्याख्यान त्याला समजतं; पण त्याच्यासमोर करारनामा, औषधाच्या तपासणीचा अहवाल किंवा बातमीपत्र ठेवलं की दुसऱ्या ओळीत तो थांबतो. पैसे मिळवून देणारं जवळपास सगळं काम या दुसऱ्या गटातलं आहे.

उडी इतकी मोठी का, हेही समजून घ्यायला हवं. बोलण्याची रशियन आणि लिहिण्याची रशियन यांत बरंच अंतर आहे. लेखी भाषेत धातुसाधितांची लांबलचक रचना येते, एक वाक्य सहा ओळी चालतं आणि कर्ता शेवटी सापडतो. क्रियापदं जोडीने येतात, एक चालू असलेली क्रिया सांगणारं आणि एक पूर्ण झालेली. जाण्या-येण्याच्या क्रियापदांचं तर वेगळं प्रकरणच आहे: पायी जाणं, वाहनाने जाणं, एकदा जाणं, नेहमी जाणं, प्रत्येकाला निराळा शब्द, आणि त्यांना उपसर्ग लागले की आणखी पोटभेद. शब्दावरचा आघात कुठे पडेल याचा लिखाणात पत्ता नसतो, आणि आघात सरकला की उच्चार बदलतो.

मराठी माणसाला यात एक फायदा आहे. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. विभक्तीने शब्दाचं रूप बदलतं, विशेषणही त्याप्रमाणे बदलू शकतं, वाक्यातला शब्दक्रम हवा तसा फिरवता येतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. रशियनच्या सहा विभक्ती पाहून इंग्रजीच्या आधाराने शिकणारे बिचकतात, तेवढं मराठी विद्यार्थ्याने बिचकायचं कारण नाही. म्हणून माझा आग्रह असतो की व्याकरणाची टिपणं मराठीत काढावीत.

कुठे शिकायचं

मुंबई विद्यापीठाचा रशियन विभाग कालिना संकुलात आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं रानडे इन्स्टिट्यूट. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात रशियन शिकवली जाते. मुंबईतच पेडर रोडवर रशियन हाउस आहे. हे रशियन सरकारच्या सांस्कृतिक विभागाचं केंद्र; तिथे भाषेचे वर्ग चालतात, आणि शिष्यवृत्त्यांची माहितीही तिथेच मिळते. दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि तिरुवनंतपुरम इथेही अशी केंद्रं आहेत.

बारावीनंतर थेट रशियनमध्येच बीए करायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ, ही मोठी नावं. जेएनयूबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. तिथे रशियनशी संबंधित दोन वेगळी केंद्रं आहेत. एक भाषा आणि साहित्याचं. दुसरं आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागात, रशिया आणि मध्य आशियाचं राजकारण, अर्थकारण, परराष्ट्र धोरण शिकवणारं. भाषा चांगली झालेल्या विद्यार्थ्याने एमएला दुसऱ्या केंद्राकडे वळावं, हा माझ्या मते फार चांगला मार्ग आहे. भारतात रशियाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मूळ रशियन वर्तमानपत्र, संसदेतली भाषणं किंवा मंत्रालयाची पत्रकं वाचून लिहिणारे थोडे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांची वाट मात्र वेगळी असते. दिवसा बीकॉम किंवा इंजिनिअरिंग आणि संध्याकाळी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग पुढचा डिप्लोमा. या वाटेला कमी लेखू नये. जोडीचा विषय तुमच्याकडे आधीच असतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की आठवड्यातल्या काही तासांच्या वर्गांनी तीन वर्षांत साधारण बी-१च्या आसपास पोचता येतं. पुढची उडी वर्ग मारून देत नाही. त्यासाठी रोजचं वाचन आणि ऐकणं लागतं, किंवा रशियन बोलणाऱ्या प्रदेशात काही महिने राहावं लागतं. घरबसल्या अभ्यासासाठी मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर पातळीनुसार मोफत अभ्यासक्रम आहेत. ही संस्था १९६६पासून परदेशी लोकांना रशियन शिकवण्याचंच काम करते, त्यामुळे साहित्याची रचना पक्की आहे.

शिष्यवृत्तीत काय मिळतं आणि काय मिळत नाही

रशियन सरकार दरवर्षी परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवते. विद्यार्थी याला कोटा म्हणतात. बीए, एमए, पीएचडी, अशा सगळ्या स्तरांवर या जागा असतात. अर्ज ऑनलाइन करायचा, त्यात सहापर्यंत विद्यापीठं पसंतीक्रमाने भरायची. पहिली निवड भारतात होते, म्हणजे रशियन हाउसमार्फत. दुसरी निवड रशियात, जिथे विद्यापीठं स्वतः अर्ज पाहतात. भाषा येत नसेल तर आधी एक वर्ष तयारीचा अभ्यासक्रम मिळतो. त्याला तिथली मुलं पोदफाक म्हणतात. सप्टेंबर ते जून या काळात शून्यापासून बी-१पर्यंत आणायचं, असा तो भरगच्च कार्यक्रम असतो, आणि भाषेसोबत पुढच्या शाखेचे विषयही रशियनमधून शिकवतात.

कोट्यात शिक्षणशुल्क पूर्ण माफ असतं. हॉस्टेल स्थानिक विद्यार्थ्यांच्या दरात मिळतं, आणि ते दर खरोखर कमी असतात. दरमहा विद्यावेतनही मिळतं, पण ते अगदी नाममात्र आहे; त्यावर जेवणखाण भागत नाही. विमानाचं तिकीट, आरोग्यविमा आणि हिवाळ्याचे कपडे स्वतःच्या खर्चाने. 'पूर्ण शिष्यवृत्ती' हा शब्द ऐकून कुटुंबं निर्धास्त होतात आणि मग दुसऱ्या महिन्यापासून पैशांची ओढाताण सुरू होते. खर्चाचा हा भाग आधीच वहीत मांडून ठेवा.

दुसरा मार्ग ओपन डोअर्स या ऑनलाइन स्पर्धेचा. ती प्रामुख्याने एमए-एमएस्सी आणि पीएचडीसाठी आहे, इंग्रजीतूनही देता येते, आणि विजेत्याला कोट्यातल्यासारखंच शुल्कमाफीचं शिक्षण मिळतं. ज्याची भाषा अजून कच्ची आहे पण मूळ विषय पक्का आहे, त्याने हा मार्ग जरूर पाहावा.

भाषेच्या विद्यार्थ्याने रशियात कुठलं विद्यापीठ निवडावं? मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग ही नावं सगळेच भरतात. तिथे स्पर्धा जास्त, खर्चही जास्त. १९६०मध्ये स्थापन झालेलं मॉस्कोचं आरयूडीएन, काँगोचे नेते पात्रिस लुमुंबा यांच्या नावाचं विद्यापीठ, आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेलं होतं. आजही तिथल्या वर्गात अनेक देशांची मुलं असतात. त्याचा एक तोटा म्हणजे हॉस्टेलवर इंग्रजीत आणि आपसांत हिंदीत भागून जातं. त्यामुळे भाषा हेच ध्येय असेल तर काझान, तोम्स्क, वोरोनेझ यांसारखी शहरं मी सुचवतो. भोवती इंग्रजी कमी, खर्च कमी, आणि भाजीवाल्या बाईंपासून वसतिगृहाच्या वॉर्डनपर्यंत सगळ्यांशी रशियनच बोलावी लागते. तोम्स्कची थंडी मात्र गंभीरपणे घ्या. तिथे जानेवारीत उणे वीसच्या खाली जाणं नेहमीचं आहे.

काम कुठे आहे

औषधांपासून सुरुवात करतो, कारण मुंबई-गोवा पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी हे सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं क्षेत्र आहे. भारतीय औषध कंपन्या कित्येक दशकांपासून रशियाला औषधं विकतात. तिथे औषध विकायचं तर आधी नोंदणी लागते. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान या पाच देशांचा युरेशियन आर्थिक संघ आहे आणि आता औषधनोंदणीचे नियम या संघाचे सामाईक आहेत. नोंदणीच्या कागदपत्रांचा गठ्ठा मोठा असतो. त्यातला प्रशासकीय भाग, रुग्णासाठीचं माहितीपत्रक, खोक्यावरचा मजकूर हे सगळं रशियनमध्ये लागतं. मात्रेच्या आकड्यात किंवा दुष्परिणामांच्या यादीत भाषांतराची चूक झाली तर अर्ज परत येतो, महिने वाया जातात. शिवाय रशियन निरीक्षक कारखान्यांची तपासणी करायला भारतात येतात. दोन-तीन दिवस ते प्रत्येक यंत्र, प्रत्येक नोंदवही तपासतात, आणि त्यांच्यासोबत दुभाषी फिरतो. त्या दुभाष्याला निर्जंतुकीकरण, बॅच, स्थिरता-चाचणी हे शब्द दोन्ही भाषांत येत असावे लागतात. बीफार्म किंवा रसायनशास्त्राची पदवी आणि बी-२ रशियन, अशी जोडी असलेला उमेदवार या कंपन्यांना सहज सापडत नाही. फार्मसीला असलेल्या कुणाला संध्याकाळी भाषा शिकायची हौस असेल, तर फ्रेंच-जर्मनच्या रांगेत उभं राहण्याआधी याचा विचार करावा.

संरक्षण क्षेत्र सगळ्यांना माहीत आहे, पण ते चालतं कसं हे माहीत नसतं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६०च्या दशकात मिग विमानांसाठी उभा राहिला. पुढे तिथेच सुखोई-३० एमकेआय बांधली गेली. गोवा शिपयार्डमध्ये रशियन तंत्रज्ञानाच्या आधारे दोन युद्धनौका बांधल्या जात आहेत. त्यांतली 'त्रिपुट' जुलै २०२४मध्ये आणि 'तवस्य' मार्च २०२५मध्ये जलावतरित झाली. त्याच वर्गातली 'तुशील' डिसेंबर २०२४मध्ये आणि 'तमाल' जुलै २०२५मध्ये रशियातल्या कालिनिनग्राद इथे भारतीय नौदलात दाखल झाली. अशा प्रत्येक प्रकल्पामागे हजारो पानांच्या मूळ रशियन पुस्तिका असतात, आकृत्या असतात, गोस्त नावाची रशियन मानकं असतात, आणि समोरासमोर बसून शंका सोडवणारे रशियन तंत्रज्ञ असतात. इथे साहित्याची रशियन कामाला येत नाही. संक्षेपांनी भरलेली, कर्मणी प्रयोगांची, कोरडी तांत्रिक भाषा लागते. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या मुलाने रशियन शिकली तर त्याला हे काम भाषेच्या पदवीधरापेक्षा लवकर जमतं, हे मी भाषेचा माणूस असूनही मान्य करतो.

याच धर्तीवर तामिळनाडूतला कुडनकुलमचा अणुवीज प्रकल्प आहे. १,००० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या चालू आहेत, पुढच्या चारांचं काम सुरू आहे, सगळ्या रशियन आराखड्याच्या. अवकाशाचंही तसंच. राकेश शर्मा १९८४मध्ये सोयूझ या सोव्हिएत यानातून गेले तेव्हा आधी रशियन शिकले, आणि गगनयानसाठी निवडलेल्या चार वैमानिकांचं प्रशिक्षणही मॉस्कोजवळच्या गागारिन केंद्रातच झालं.

सरकारी नोकऱ्यांचं चित्र थोडक्यात सांगतो. परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांची स्वतंत्र श्रेणी आहे, जागा मोजक्या असतात. संरक्षण मंत्रालयाची दिल्लीत परकीय भाषांची संस्था आहे. खडकवासल्याच्या एनडीएमध्ये कॅडेट्सना शिकवल्या जाणाऱ्या परकीय भाषांत रशियन आहे, त्यामुळे तिथे शिक्षकही लागतात. यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत गेलेल्या अधिकाऱ्यांना एक परकीय भाषा सक्तीने शिकावी लागते, आणि रशियन त्यांतली एक आहे. मात्र नागरी सेवा परीक्षेत रशियन साहित्य हा वैकल्पिक विषय २०१३पासून घेता येत नाही. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर जाऊ नका. प्राध्यापकी करायची तर यूजीसी-नेटमध्ये रशियन विषय आहे, आणि जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची वर्षं आर्थिकदृष्ट्या निभावतात.

गोव्यात मोरजी आणि हरमलच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रशियन पर्यटक इतके असतात की उपाहारगृहांच्या पाट्या आणि मेनूकार्डं सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीत दिसतात. तिथल्या हंगामी कामातून आयुष्याची नोकरी उभी राहते असं मला वाटत नाही, पण विद्यार्थ्यासाठी ते उत्तम आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे मार्गदर्शकाच्या हाताखाली काम केलं तर वर्गात वर्षभरात ऐकायला मिळते त्याहून जास्त जिवंत रशियन कानावर पडते.

दुसरीकडे, रशियन म्हणजे फक्त रशिया असं धरू नका. कझाकस्तान आणि किर्गिझस्तानात या भाषेला घटनेनेच सरकारी व्यवहारात स्थान आहे, उझबेकिस्तानातही ती सर्रास चालते. या देशांतून रुग्ण उपचारांसाठी भारतात येतात, त्यांच्यासोबत रुग्णालयांना दुभाषे लागतात. हे काम फार जबाबदारीचं आहे. आईच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे मुलीला तुमच्या तोंडून कळणार असतं. त्यासाठी वैद्यकीय शब्द पाठ असणं जितकं गरजेचं, तितकंच न समजलेलं वाक्य डॉक्टरांना पुन्हा विचारण्याचं धैर्यही.

आयटी आणि कॉलसेंटरांतल्या 'लँग्वेज एक्स्पर्ट' जागांबद्दल मला फारसा उत्साह नाही. २०२२नंतर बऱ्याच पाश्चात्त्य कंपन्यांनी रशियातला व्यवसाय गुंडाळला आणि त्याचा परिणाम या जागांवर होणारच. सुरुवातीची नोकरी म्हणून ठीक आहे. पाच वर्षांची योजना म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. व्यापाराचं मात्र वेगळं आहे. २०२४-२५मध्ये भारत-रशिया व्यापार ६८ अब्ज डॉलरच्या वर गेला. त्यातला फार मोठा भाग म्हणजे आपण घेतलेलं तेल, आणि आपली निर्यात जेमतेम पाच अब्जांच्या घरात. ही तफावत भरून काढायची तर यंत्रं, औषधं, शेतमाल विकायला तिथल्या ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलणारी माणसं लागतील. बीकॉम करून रशियन शिकणाऱ्यांसाठी संधी इथे आहे.

दुभाषेगिरीचं एक वैशिष्ट्य सांगून पुढे जातो, कारण मुलाखतीत नेमकं तेच तपासतात. रशियनमध्ये संख्यांनाही विभक्ती लागते. साडेतीन हजार टनांपैकी, साडेतीन हजार टनांना, साडेतीन हजार टनांसह, प्रत्येक ठिकाणी आकड्यातला प्रत्येक शब्द बदलतो. भल्याभल्यांची जीभ इथे अडखळते, आणि करार तर आकड्यांवरच होतात. रोज दहा मिनिटं बाजारभाव मोठ्याने रशियनमध्ये वाचणं, हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त सराव आहे.

संस्कृतीचा अभ्यास म्हणजे काय करायचं

ज्यांना नोकरीपेक्षा अभ्यासाची ओढ आहे त्यांच्यासाठी मराठी आणि रशियन यांच्यामध्ये बरंच काम पडून आहे, आणि ते आपल्याशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि जुन्नर, बिदरपर्यंत गेला. पावसाळा त्याने जुन्नरला काढला. त्याने लिहून ठेवलेल्या नोंदी बहामनी काळातल्या महाराष्ट्राचं प्रत्यक्ष पाहिलेलं वर्णन आहेत. आपल्याकडे त्या मुख्यतः इंग्रजी भाषांतरावरून वाचल्या जातात. मूळ मजकूर जुन्या रशियनमध्ये आहे आणि मध्येच फारसी-तुर्की शब्दांची सरमिसळ आहे. जुनी रशियन, थोडी फारसी आणि दख्खनचा इतिहास, असं त्रिकूट जमवणाऱ्या विद्यार्थ्याला पीएचडीचा विषय शोधत फिरावं लागणार नाही.

गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले होते. अण्णा भाऊ साठे १९६१मध्ये रशियाला गेले, त्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं, आणि त्यांच्या साहित्याचे रशियन अनुवाद झाले. २०२२मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवला गेला. त्या अनुवादांत वारणाकाठची बोली रशियनमध्ये कशी उतरली, कुठे बोथट झाली, याचा शब्दाशब्दाने अभ्यास करण्यासारखा आहे. उलट बाजूने, तात्याना कातेनिना यांनी १९६३मध्ये रशियन वाचकांसाठी मराठीच्या व्याकरणाची रूपरेषा लिहिली. आपल्या भाषेकडे रशियन भाषाशास्त्रज्ञाने कसं पाहिलं, हे मराठीच्या विद्यार्थ्यांनी वाचायला हवं. त्यासाठी कुणीतरी ते मराठीत आणायला हवं.

एका पिढीने मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहातून घेऊन वाचली. मॉस्कोत राहून थेट रशियनमधून मराठीत आणणारे अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक तेव्हा होते. सोव्हिएत संघाबरोबर ती व्यवस्था बंद झाली. आज मराठीत येणारं बरंच रशियन साहित्य इंग्रजीवरून येतं. थेट अनुवाद करू शकणाऱ्याला वाट मोकळी आहे. मॉस्कोत इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशन नावाची संस्था रशियन साहित्याच्या परकीय अनुवादांसाठी अनुदान देते. हा अर्ज प्रकाशकाने करायचा असतो, म्हणून अनुवादकाने आधी प्रकाशकाला गाठावं, नमुन्याची वीस-पंचवीस पानं दाखवावीत आणि मग दोघांनी मिळून पुढे जावं. समकालीन लेखक असेल तर हक्कांची परवानगी अनुदानाच्याही आधी.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी मॉस्कोचा सामाजिक-राजकीय इतिहासाचा सरकारी दप्तरखाना आहे, जिथे कॉमिन्टर्नची, म्हणजे साम्यवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची कागदपत्रं ठेवलेली आहेत. मानवेंद्रनाथ रॉय आणि भारतातल्या सुरुवातीच्या साम्यवादी चळवळीवर काम करायचं तर तिथे जाण्याला पर्याय नाही. गिरणी कामगारांच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्यांनाही तिथे पाहण्यासारखं असू शकतं. फक्त हस्ताक्षरातली रशियन वाचायचा सराव इथूनच करून जा. छापील अक्षरं आणि हाताने लिहिलेली अक्षरं यांत इतका फरक आहे की पहिला आठवडा त्यातच जातो.

जाण्याआधीच्या अडचणी

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. त्या युद्धाचा परिणाम विद्यार्थ्याच्या रोजच्या आयुष्यावर होतो, आणि तो झाकून कुणाला पाठवणं मला योग्य वाटत नाही. मार्च २०२२पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांचे पैसे रोख न्यावे लागतात, आणि तिथे पोचल्यावर स्थानिक बँकेत खातं उघडून मीर हे रशियाचं स्वतःचं कार्ड घ्यावं लागतं. ड्रोनहल्ल्यांमुळे विमानतळ अधूनमधून बंद ठेवले जातात, त्यामुळे जोडविमानाच्या मध्ये भरपूर वेळ ठेवा.

सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळी आहे. नोकरी किंवा शिक्षणाच्या नावाखाली भारतीय तरुणांना रशियात नेऊन सैन्यात भरती केल्याची प्रकरणं उघड झाली, त्यांत काहींचा जीव गेला, आणि मार्च २०२४मध्ये सीबीआयने दलालांवर गुन्हा नोंदवला. म्हणून स्पष्ट सांगतो. प्रवेशाचं पत्र विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरून आलंय का ते स्वतः तपासा. न समजणाऱ्या कुठल्याही रशियन कागदावर सही करू नका, मग समोरचा कितीही घाई करो. पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नका. पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवा. ज्या पालकांना हा धोका नकोच आहे त्यांच्या मुलांनी किर्गिझस्तानातल्या बिश्केक किंवा कझाकस्तानातल्या अल्माटीचा विचार करावा. तिथे रशियन शहरभर बोलली जाते, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. मात्र रशियन सरकारच्या शिष्यवृत्तीचा फायदा तिथे नाही.

वेळापत्रक

कोट्याचे अर्ज पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी आदल्या वर्षीच्या शरद ऋतूच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाचे निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याचं एक वर्ष गेलेलं असतं. आता दुसऱ्या वर्षाला असाल तर या वर्षाअखेर बी-१ची परीक्षा द्या, उन्हाळ्याची सुट्टी फक्त वाचन आणि ऐकण्यासाठी ठेवा, आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात अर्ज भरा. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, त्यांचं रशियन भाषांतर आणि नोटरी, एचआयव्ही चाचणीसह वैद्यकीय दाखला, या सगळ्याला वेळ लागतो. भारतात परतल्यावर सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर त्या रशियन पदवीला भारतात अधिकृत समकक्षता मिळते का, हे जाण्याआधीच विचारून घ्या. आणि पासपोर्ट अजून काढला नसेल तर त्याचा अर्ज याच आठवड्यात करा, कारण पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचा क्रमांक आणि त्यातलं नावाचं स्पेलिंग लागणार आहे.